हात थांबला की कार्ड पास

कसबा बावड्यातल्या आमच्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येकाला, आपण उगाच जन्माला आलो असं वर्षातून एकदा तरी वाटावं, याची चोख व्यवस्था वरच्या मजल्यावरच्या काकांनी केली होती. ज्याचा वाढदिवस, त्याच्या दाराच्या फटीतून सकाळी सातला त्यांचं कार्ड आत सरकायचं. काकांनी सरकारी कचेरीत हयातभर लोकांना नोटिसा लिहिल्या. निवृत्तीनंतर तोच हात शुभेच्छांकडे वळवला, पण अक्षराची जरब गेली नाही. कार्ड विकत आणणं त्यांना पटत नसे. घरी आलेल्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून ते कार्डं करत. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या बेचाळीस वर्षांच्या अविवाहित इंजिनिअरला शुभेच्छांच्या पाठीमागे ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ असं आग्रहाचं आमंत्रणही मिळालं होतं.

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यांचा खास राग. “चाळीस जणांचं फोटू, समद्यांना गॉगल. वाढदिवस कुणाचा हाय ते तरी कळाय नको व्हय?” त्यांच्या कार्डात एकच माणूस असे आणि त्याची एकच खोड. “ती बी त्याला म्हाईत असलेलीच लिवायची, पावणं. म्हाईत नसलेली लिवली की भांडण लागतंय.” अकरा वर्षं त्यांच्या खाली राहून माझी बायको त्यांची ‘वैनी’ झाली, मी मात्र पावणंच. सोसायटीच्या चेअरमनना त्यांनी लिहिलं होतं, ‘साठ वर्षं पूर्ण केलीत. आपण पूर्ण केलेलं हे पहिलंच काम. अभिनंदन!’ चेअरमन आठवडाभर बोलले नाहीत आणि मग कार्ड फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. आमच्या गवळ्याला लिहिलं, ‘उदंड आयुष्य लाभो. पाणी घालून वाढवलेलं नको, निर्भेळ लाभो.’ चार दिवस दूध चांगलं घट्ट आलं. नंतर गवळी विसरला आणि आम्हीही.

हे सगळं सहज सुचतं असा माझा समज होता. तो काकूंनी घालवला. प्रत्येक कार्डाची आधी स्वयंपाकघरात परीक्षा व्हायची. काकू परातीत भाकरी थापायला बसल्या की काका दारात उभे राहून मजकूर वाचणार. काकू मान वर करायच्या नाहीत. पण थापता थापता हात थांबला की कार्ड पास. हसण्याच्या नादात तव्यावरची भाकरी करपली तर पहिला नंबर. चेअरमनच्या वेळी दोन करपल्या होत्या म्हणे. आणि हात थांबलाच नाही तर काकू एवढंच म्हणायच्या, “ऱ्हाऊ द्या ते.” काका निमूटपणे नवा कागद कापायला घ्यायचे. नोटिशीने भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस त्या तीन शब्दांपुढे कधी बोलला नाही.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. महिनाभराने काका माझ्याकडे कार्ड घेऊन आले, वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी मोठ्याने हसलो. “खोटं हाय,” ते म्हणाले. “दात दिसलं, पोट हाललं न्हाय.” मला माझ्या हसण्याची लाज वाटली. ते आणखी तीन-चार वेळा आले, मग यायचे थांबले. इमारतीतले वाढदिवस सुनेसुने जाऊ लागले. काकांचं लिहिणं सुटलं असावं असं लोकांना वाटलं, पण सुटलं नव्हतं. पास झाल्याशिवाय कार्ड द्यायचं नाही हा नियम त्यांना मोडवत नव्हता. कार्डं लिहून ते बिस्किटाच्या डब्यात ठेवत होते. डबा भरत आला होता. एकदा वर गेलो तेव्हा तो मला दिसला.

मग त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होत आली. इतक्या वर्षांत त्यांना कुणी कार्ड दिलेलं मी पाहिलं नव्हतं. काकू गेल्यापासून ते स्वतःच वेड्यावाकड्या भाकऱ्या थापत. मी आठ दिवस डोकं खाजवलं आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं, ‘सत्तर वर्षं झाली तरी भाकरी गोल येत नाही. पृथ्वीही पुरती गोल नाही, म्हणून चालवून घेतो.’ खाली सही, ‘पावणं’, आणि कार्ड पाकिटात घातलं. वर गेलो तेव्हा काका भाकरीच करत होते. मी दारात उभा राहून वाचलं. त्यांचा हात थांबला नाही. एक भाकरी तव्यावर टाकून, हात पुसून त्यांनी पाकीट मागितलं. त्यावर, जन्मभर दुसऱ्यांचीच नावं लिहिणाऱ्या त्या माणसाचं पूर्ण नाव मी लिहिलं होतं. ते नाव वाचत उभे राहिले. बराच वेळ राहिले. घरभर जळका वास सुटला, तरी त्यांना कळलं नाही.

“काका, भाकरी!” मी ओरडलो.

त्यांनी गॅस बंद केला. काळी पडलेली भाकरी उलटून पाहिली. “हसू न्हाय आलं,” ते म्हणाले. “पण करपली खरी. पास म्हणाय पायजे.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “वैनीस्नी दाखिवलंतं आधी?”

“हो.”

“हसल्या?”

“थोडंसं हसली.”

“मग काय बी लिवून दाखवत जावा त्यास्नी,” काका म्हणाले. “बेकार असलं तरी दाखवा.” त्यांनी करपलेली भाकरी मधोमध मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, आणि आम्ही दोघांनी ती ओट्याशी उभ्यानेच खाल्ली.