लाडवांचा डबा आणि माझा तपास

ती घटना आठवली की आजही स्वतःच्याच मुस्काटात दोन माराव्याशा वाटतात.

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. दोन हजार सोळाच्या डिसेंबरात, मस्कतच्या अल हैल भागात राहणाऱ्या लेकीने आम्हा दोघांना सूर गावाच्याही पुढे, वाळवंट थेट समुद्राला भिडतं तिथल्या आलिशान तंबूंच्या लॉजवर नेलं. फोनला रेंज नाही, साधा चहा हवा तर बग्गीतून येणार. पहिल्याच दुपारी, हिने अंघोळीपूर्वी काढून ठेवलेलं मंगळसूत्र गायब! लेक-जावई जीप घेऊन वाळूत भटकायला गेलेले.

तंबू आवरायला रत्नागिरीकडचा एक मुसलमान तरुण होता. बग्गीच्या ड्रायव्हरने खबर दिली, "साब, वो आपके टेंट से कुछ लपेट के ले गया." मी त्याला मॅनेजरच्या केबिनमध्ये उभा केला.

"काय नेलंस?"

"काकूंनी लाडू दिले, साहेब. काकूंना इचारा."

"मला डायबिटीस म्हणून ती एक लाडू देत नाही, आणि तुला डबा देईल?"

त्याच्या खोलीची झडती घेतली. लाडवांचा डबा निघाला. वरचे लाडू पाहिले आणि ठरवलं, हा लाडूचोरही आहे. डबा शिगोशीग भरलेला होता. चोराने एक तरी खाल्ला असता, एवढंही मला सुचू नये?

तासभर माझा तोच प्रश्न, त्याचं तेच उत्तर. शेवटी मॅनेजर म्हणाला, "कल मस्कत, फिर इंडिया. खलास!" तरुण पुन्हा एवढंच म्हणाला, "काकूंना इचारा." त्याच्या पगारावर गावी पाच माणसं जगत होती.

तेवढ्यात लेक परतली आणि मी तिच्यासोबत तंबूकडे गेलो. तंबूत आईचा रडवेला चेहरा पाहून ती म्हणाली, "अगं आई, मंगळसूत्र शोधतेयस ना? ते सिंकजवळ पडलं होतं. मी सेफली लाडवांच्या डब्यात तळाशी ठेवलं. बाबाच सांगतात ना, चोर खायच्या डब्यात बघत नाही!"

"तो डबा मी त्या पोराला दिला," ही म्हणाली. "चार वर्षं घरचं खाल्लं नाही म्हणाला."

"मग मला सांगायचं नाही?" मी ओरडलो.

"तुम्ही विचारलंत कुठे?"

धावत जाऊन मॅनेजरचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. डब्याच्या तळाशी मंगळसूत्र मिळालं, त्या पोराची नोकरी वाचली.

नोकरीभर शेकडो जबाब नोंदवले. पण आरोपीने नाव घेतलेला साक्षीदार पन्नास पावलांवर असताना मी त्याला विचारलं नाही, कारण ती माझी बायको होती. माझ्या हातून असे आणखी किती जण नाहक अडकले असतील, हा विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही.

त्या दिवशी सोमवार होता, आणि तो तरुण रमजान नसतानाही दर सोमवारी रोजा ठेवायचा. म्हणूनच डबा भरलेला राहिला होता. सूर्य बुडाल्यावर खजूर खाऊन त्याने एक लाडू माझ्या हातावर ठेवला.

"खावा, साहेब. काकूंना नाय सांगत."