विड्याच्या पानावर घेतलेली लेक

माझी लेक मी एका विड्याच्या पानावर विकत घेतली. हे मी कोणालाही तोंडावर सांगते, आणि ऐकणारा हसला की मला राग येतो. जिनं ती मला विकली, तिनंही ती विकतच घेतली होती, सूपभर जवारी देऊन. आणि घेतली होती कोणाकडून? माझ्याचकडून. आज ती लेक शाळेची हेडमास्तरीण आहे, आणि मी कुठं हा विषय काढला की ‘माय, पुरे ना आता’ म्हणून मला गप्प करते. म्हणून लिहून ठेवते. लिहिताना कोणी गप्प करत नाही.

माझं सासर अंजनगाव सुर्जीच्या बाजूचं. गावाला पानमळेच पानमळे. आमचा मळा लहान, पण पान असं की तोंडात विरघळावं. त्या घरात माझी पहिली दोन लेकरं गेली. एक एकवीस दिवसांचं, दुसरं दात येता येता. त्यांच्याबद्दल याहून जास्त माझ्यानं लिहवत नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरच्यांनी ठरवूनच टाकलं, हे लेकरू आपलं म्हणायचं नाही, विकून टाकायचं.

आमच्याकडं ही रीतच होती. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिनं पाचव्या दिवशी लेकरू सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचं. जिची सगळी मुलं धडधाकट आहेत अशा बाईनं ते उचलायचं आणि त्याच सुपात धान्य घालून परत द्यायचं. झाला सौदा. मग लेकरू तिचं. आईनं फक्त दूध पाजायचं, न्हाऊ-माखू घालायचं, पण ‘माझं’ म्हणायचं नाही आणि त्याच्याकडून ‘माय’ म्हणवून घ्यायचं नाही. पाच वर्षांचं झालं की ते परत विकत घ्यायचं. म्हणजे ज्याची वाईट नजर आहे तो फसतो, असा हिशेब.

माझी पोर घेतली खालानं. खाला म्हणजे गावची मन्यारीण, घरोघर बांगड्या भरणारी. सात मुलं, सातही जिवंत. नवरा मात्र जाऊन बरीच वर्षं झालेली. सुपातली पोर उचलून ती मला म्हणाली, ‘आजपासून ही माही. तू फक्त दूध पाजाले ठेवलेली बाई हायेस, समजलं?’ मी मान हलवली. त्या वेळी ती म्हणाली असती विहिरीत उडी मार, तर मी तेही केलं असतं.

दोन दिवसांनी कोतवाल जन्माची नोंद घ्यायला आला. आमचा नेहमीचा कोतवाल आजारी, हा त्याच्या बदली आलेला, गावात कोणाला न ओळखणारा. खाला अंगणात पाय पसरून पोरीला तेल लावत बसलेली.

‘पोट्टी कोणाची?’ त्यानं विचारलं.

‘खालाची,’ मी आतून म्हणाले.

‘माही नाई तं काय तुह्या बापाची?’ खाला त्याच्यावरच गुरकावली.

त्यानं बापाचं नाव विचारलं. खाला नवऱ्याचं नाव थोडंच घेणार! माझ्या जाऊबाईंनी हसत हसत ते आतून सांगितलं. आम्ही बाया पदर तोंडात धरून हसत होतो. खालाचे पिकलेले केस त्याला दिसले नाहीत, की दिसूनही बोलायची छाती झाली नाही, देव जाणे. त्यानं ते सगळं खरंच लिहून घेतलं, हे तेव्हा कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पोर जगली. काटकुळी होती, पण जगली. दुसऱ्या वर्षी खाला आपल्या थोरल्या मुलाकडं अकोल्याला राहायला गेली, आणि त्याच सुमाराला माझे मालक मोटार चालवायला म्हणून लढाईवर गेले. ब्रह्मदेशाकडं. तिथून चार पत्रं आली, पाचवी तार आली. मी तेव्हा मळ्यात पानं खुडत होते. हातातली टोपली मी खाली ठेवली नाही, एवढंच मला आठवतं. संध्याकाळपर्यंत ती हातातच होती म्हणतात.

पुढं सरकारचा कागद आला. शिपायाच्या विधवेला पेन्शन, आणि लहान लेकरू असेल तर त्याच्या पालनपोषणाचा भत्ता वेगळा. माझं पेन्शन मंजूर झालं, ते घरात गेलं. जायलाच हवं होतं, एका चुलीवर आठ तोंडं होती. पण हा भत्ता पोरीच्या नावचा होता. तो आला असता तर तिला रोज दूध मिळालं असतं, पुढं शाळा मिळाली असती, आणि माझ्या पोरीनं कोणाच्या ताटाकडं बघायची वेळ आली नसती. मला तो भत्ता हवा होता. किती हवा होता ते आज सांगायलाही लाज वाटत नाही.

पोरीला दाखवायला अमरावतीला बोलावलं. ती तेव्हा तीन सरून चौथ्यात. थोरले दीर बरोबर आले. अंजनगावहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठी गाडी, पोरगी माझ्या कडेवर. कचेरीतला कारकून माणूस चांगला होता, मला बसायला स्टूल दिलं त्यानं. मग कागद चाळून म्हणाला, ‘बाई, तहसिलीतून जन्माचा उतारा आलाय. त्यात ही मुलगी दुसऱ्याच बाईची लिहिली आहे. काही चूक झाली असेल. मुलगी कोणाची आहे?’

एकच शब्द म्हणायचा होता. दिरांनी कोपरानं खुणावलं. मी पोरीकडं बघितलं. महिन्यामागंच ती तापातून उठली होती, मान अजून काडीसारखी होती. पाच वर्षांची व्हायला अजून वर्षाच्या वर बाकी होतं. मला माझी ती दोन गेलेली लेकरं दिसली.

‘खालाची,’ मी म्हणाले.

दिरांनी कपाळावर हात मारून घेतला. कारकुनानं चष्मा काढला आणि पोरीलाच विचारलं, ‘बाळ, ही कोण?’

‘वयनी,’ पोरगी म्हणाली. वयनी म्हणजे वहिनी. घरात सगळी मुलं मला तसंच म्हणत, तीही म्हणे.

‘मग तुझी माय कुठंय?’

‘माही माय अकोल्याले राह्यते.’

कारकुनानं टाक खाली ठेवला. ‘मग बाई, भत्ता कसा मिळणार?’

मूर्तिजापूरच्या फलाटावर दीर फुटले. ‘तुले समजते का काही? सरकार देऊन राहिलं अन् तू नाई म्हणून राहिली! काहून?’

‘पोट्टी मेली तं भत्ता कोनाले द्यान?’ मी विचारलं.

भला माणूस होता, उगाच नाही म्हणायची मी. गाडी येईपर्यंत त्यांनी पोरीला खांद्यावर घेतलं.

पण माझंच डोकं मला स्वस्थ बसू देईना. त्या हिवाळ्यात धान्य सरकारी कंट्रोलात गेलं, दूध महागलं, आणि माझी पोर ताकाच्या निवळीवर दिवस काढू लागली. नजर लागून मरेल म्हणून तिला माझी म्हणायचं नाही, आणि माझी म्हणत नाही म्हणून ती उपाशी! हा कुठला न्याय, सांगा. म्हटलं, विकणारी मी, तर सोडवणारीही मीच. फक्त खाला मुदतीआधी विकायला तयार हवी.

एक दिवस पोरीला घेऊन एकटीच गाडीत बसले आणि अकोल्याला उतरून मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेले. विचारत विचारत खालाचं घर काढलं. ती बाजेवर बसून बांगड्यांचे जोड लावत होती. पोरीला बघताच तिनं आधी तिचे मुके घेतले, मग माझं ऐकलं. ऐकता ऐकता हसत सुटली. मग एकदम थांबली.

‘बापाचं नाव कोनाचं लिवलं म्हन्ते?’

‘तुह्या मालकाचं.’

‘अवं, माहा मालक तं हे पोट्टी व्हायच्या नऊ साल पयले गेला!’ खाला बाजेवरून उठलीच. ‘तौबा, तौबा! म्हंजे सरकारच्या किताबात मी बेवा होऊन नऊ सालानं पोट्टी जन्मली? लोकं काय म्हनतीन?’

‘म्हणूनच आली ना मी...’

‘तू गप. चाल.’

‘आत्ता?’

‘मंग काय ईद झाल्यावर?’ तिनं बुरखा घेतलाही होता.

अमरावतीला कचेरीत ती अशी शिरली की दारातला शिपाई आपोआप बाजूला झाला. तिथले साहेब फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते, मोठ्या मिशांचे. खाला त्यांना म्हणाली, ‘साहेब, ते जन्म-मौतीचं बुक मांगवा. नवंबी अन् जुनंबी. मी आठ दिवसानं येतो.’ आणि ते आठ दिवस ती आमच्याच घरी राहिली. तेवढ्यात अर्ध्या गावाच्या हातात बांगड्या भरल्या आणि प्रत्येक अंगणात त्या कोतवालाचा उद्धार केला.

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा हजर झालो. खाला, मी, दीर आणि पोरगी. टेबलावर दोन्ही बुकं.

‘साहेब,’ खाला म्हणाली, ‘ह्या बुकात लिवलं ते सरकार खरं मानते ना?’

‘मानतं.’

‘मंग जुनं बुक उलटा. नऊ साल मांगं जा. पटकीच्या सालात.’

कारकून बोट फिरवत फिरवत थांबला. मोठ्यानं वाचलं. तेच गाव, तेच नाव, पटकीनं मृत्यू.

‘झालं?’ खालानं तोंडावरचा बुरखा मागं टाकला. ‘आता तुमीच सांगा. माहा मालक पोट्टीसाठी कबरीतून उठून आल्ता का?’

व्हरांड्यातले शिपाई हसले, कारकून हसला. साहेबांनी मिशांवर रुमाल धरला, पण खांदे हलत होते. मग रुमाल खाली आला आणि ते माझ्याकडं वळले. ‘मान्य. ही मुलगी या म्हातारीची नाही. मग कोणाची? मागच्या वेळी तुम्हीच नाही म्हणालात.’

मी तोंड उघडलं. तेवढ्यात खालानं माझं मनगट धरलं. ‘थांब! अजून माही हाये ते. पयले इकत घे.’

साहेबांना काही उमजेना. दिरांनी सगळी रीत सांगितली, सूप, उंबरा, जवारी. साहेब खुर्चीत मागं रेलून ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘बरं, होऊन जाऊ द्या. किंमत काय?’

‘सूपभर जवारी देल्ली होती मी,’ खाला म्हणाली. ‘पन जवारी आता कंट्रोलात हाये. इथं सूपभर मांगतली तं तुमी मलेच पकडान.’ पुन्हा हशा. मग ती माझ्याकडं वळली. ‘तुह्या मळ्याचं एक पान दे. चुना-कात माह्यापाशी हाये.’

पानमळेवाल्यांची सून मी, माझ्या कनवटीला पान नसेल असं होईल का? पण काढायच्या घाईत दोन पानं फाटली. तिसरं तिच्या हातावर ठेवलं. तिनं चुना लावला, कात टाकला, विडा केला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. साहेबांची कचेरी थांबली होती. सगळे तिच्या गालाकडं बघत होते.

‘झाला सौदा,’ ती म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन, हळू, ‘भेऊ नोको. सात लेकरं वाढोली ह्या हातानं. ह्या पोट्टीले काई होत नाई. बोल.’

‘माही हाये!’ मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले. ‘माही लेक हाये! म्याच जनम देल्ला हिले!’

चार वर्षं दाबून धरलेलं होतं ते. पोरगी दचकली, भोकाड पसरून खालाच्या बुरख्यात शिरली आणि ‘मले वयनीचं भेव लागते’ म्हणू लागली. साहेब कारकुनाला म्हणाले, ‘ती काही म्हणो, तुम्ही लिहा.’ आणि त्यानं लिहिलं. आईच्या रकान्यात माझं नाव. मी टेबलावर वाकून ते स्वतः वाचलं, चौथीपर्यंत शिकलेली होते मी. दोनदा वाचलं. मग हसू आलं की रडू, ते माझं मलाच कळलं नाही. बाहेर पडून आम्ही सगळ्यांनी गरम भजी खाल्ली, आणि जिंकून आलेल्या पलटणीसारख्या आम्ही दोघी भर रस्त्यानं स्टेशनपर्यंत चालत गेलो.

नंतरचा महिना मात्र पोरगी शिंकली तरी माझा जीव वर-खाली होई. काही झालं नाही. होणार काय, खालाचा शब्द होता. एकच गोष्ट टोचत राहिली. पोरगी मला वयनीच म्हणे. मी कितीदा शिकवलं, ती तेवढ्यापुरती मान हलवी आणि पुन्हा वयनी. जीभ वळलेली, तिचा काय दोष!

मग एक दिवस पोस्टमन आला. पहिली मनिऑर्डर. मी मळ्याच्या तोंडाशी बसून टोपल्यात पानं रचत होते, पोरगी वेलाखाली पाण्यात हात घालून खेळत होती. त्यानं चष्मा सारखा केला, कागद वाचला आणि म्हणाला, ‘मुलीच्या नावचा भत्ता आहे. मुलगी कोणाची?’

मी हात पुसायला उठले, तोंड उघडलं. त्याआधीच वेलाखालून आवाज आला.

‘मायची!’

‘कोणत्या मायची वं?’ पोस्टमननं हसून विचारलं. अकोल्याच्या मायची गोष्ट आता गावात सगळ्यांनाच पाठ होती.

पोरगी पळत आली, ओल्या मुठीत माझा पदर धरला, आणि त्याला खडसावून म्हणाली, ‘ह्या!’