भाऊजींच्या गाडीचे पाच किलोमीटर

भाऊजी गेले त्या दिवशी त्यांच्या घरून फोन आला तेव्हा मी काल्हेरच्या गोडाऊनच्या गेटवर एका कंटेनरचं सील तपासत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. भाचा म्हणाला, "मामा, लवकर या, पप्पांना कायतरी झालंय." आणि मी... हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो... मी फोन खिशात टाकला आणि आधी ते सील नीट पाहून घेतलं. माझ्या मनात आलं, पाच महिने आमच्यात नीट बोलणं नाही, आता आजारपणाचं निमित्त करून भाऊजी मला घरी बोलावताहेत, समोर बसवून गाडीचं काम परत मागणार. तासाभरानं मी त्यांच्या दारात पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. सकाळी तोंड धुताना ते जे खाली बसले ते उठलेच नाहीत. अठ्ठावन्न वर्षांचा, कधी सर्दीलाही औषध न घेतलेला माणूस. ताई मला पाहून एवढंच म्हणाली, "आलास? तुझी वाट बघत होतो सगळी."

काशिनाथ भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल. बावीस वर्षं मी गेटवर उभा आहे. पिशवी उघड, सीट उचल, डिकी दाखव, चलनावरची सही कुणाची, हेच बोलत माझा दिवस जातो. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो आणि तो मी इमानदारीनं कमावतो. माझी बायको म्हणते, देवळातून आल्यावर प्रसादाचा पुडासुद्धा हा माणूस आधी उलटापालटा करून बघतो. भाऊजी याच्या अगदी उलटे. कुणी नुसतं "येतो" म्हटलं की त्यांच्या घरी तांदूळ जास्त शिजायचा. रस्त्याकडची भातशेती गोडाऊनवाल्यांना गेली तेव्हा भावकीतल्या इतरांनी बंगले बांधले, चकचकीत गाड्या घेतल्या. भाऊजींनी एक पिकअप घेतली. "शेत गेलं, आता हातानला कायतरी पायजे ना," म्हणाले. आमच्या गोडाऊनमधून वज्रेश्वरीच्या बाजूच्या छोट्या दुकानांना साबण-बिस्किटांचे खोके पोचवायचं काम मीच माझा शब्द टाकून त्यांना मिळवून दिलं होतं. म्हणजे त्यांच्या गाडीत काही काळंबेरं निघालं असतं तर आधी माझी मान अडकली असती. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण मनातून एक दिवसही विसरलो नाही.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी त्यांनी मला विचारलं, गाडी थोडी उचलून घ्यायची आहे आणि टायर एक नंबर मोठे टाकायचे आहेत, बरोबर येशील का? माझे कान तिथेच टवकारले. गाड्या उंच करून, जाडजूड टायर लावून फिरायचा शौक आमच्याकडे पोरांना असतो. साठीकडे झुकलेल्या माणसाला हे कुठून सुचलं? ते म्हणाले, गावांकडच्या आतल्या रस्त्यांवर खड्ड्यात गाडीचं पोट घासतं, ओढ्यावरच्या फरशीवर पाणी असलं की अलीकडे थांबून राहावं लागतं. मी मनात म्हटलं, त्या रस्त्यावर शंभर पिकअप जातात, यांच्याच गाडीचं पोट कसं घासतं?

तरी गेलो. धामणकर नाक्याच्या पलीकडे रफिकभाईंचं गॅरेज आहे, चाकांवर गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानीच्या पाट्यांच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही असं भाऊजींना कुणीतरी सांगितलेलं. रफिकभाईंनी दोन रस्ते दाखवले. एक म्हणजे पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवायचा. "ब्लॉक डालो, दो घंटे में गाडी उठ जाएगी. पाटा बढाओगे तो पूरा दिन जाएगा, और गाडी थोडी कडक चलेगी." मला वाटलं भाऊजी ठोकळा घेणार. त्यांनी तो ठोकळा हातात घेतला, दोन-तीनदा फिरवून पाहिला आणि परत ठेवला. "पाटाच टाका. ठोकळा बसला न्हाय नीट आन सुटला, तं मागनं बाईकवर येनाऱ्या मानसाचं काय?" मग टायर. पूर्वी बाजारात बैल बघायचे तसे ते टायर बघत होते. अंगठ्यानं दाबायचे, नक्षीत बोट घालायचे, वासही घेतला. चाक पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला लागेल का, हे त्यांनी वीत लावून मोजलं. सगळ्यात मोठा नंबर दुकानात होता, तो त्यांनी नाकारला. "एवरी उंच गारी केली तं माल चरवताना हमालांचे खांदे जातील." एक नंबर मोठा, तेवढाच पुरे. या सगळ्यात अर्धा दिवस गेला. आणि मी काय करत होतो? मी टायरच्या कडेवरची तारीख वाचत होतो. रफिकभाई जुना माल नवा म्हणून खपवताहेत की काय, रबर पुन्हा चढवलेलं तर नाही, हे नखानं उकरून बघत होतो. तिकडे रफिकभाई भाऊजींना बराच वेळ काहीतरी समजावत होते, त्यातलं एक अक्षर माझ्या कानात शिरलं नाही.

गाडी उंच होऊन गेटवर आली त्या दिवशी मी बॅटरी घेऊन तिच्याखाली वाकलो. मधे जागा झाली म्हणजे खाली काही बांधून नेता येतं, असे प्रकार मी पाहिलेत. काही सापडलं नाही. भाऊजी बाजूला उभे राहून कौतुकानं म्हणाले, "मस्त बसलेत ना पाटे?" त्यांना वाटलं मी पाटे बघायला वाकलोय... पण आठवडाभरात मला हवं ते सापडलं. गेटवर आम्ही गाडी जाताना आणि येताना मीटरचं रीडिंग लिहून घेतो. वज्रेश्वरीची फेरी दोन वर्षं साठ किलोमीटरची भरत होती. आता ती पंचावन्न भरायला लागली. एकदा नाही, रोज. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, रस्ता बदललात काय?" ते म्हणाले, "न्हाय रं, तोच रस्ता." झालं. मी त्यांना रीडिंग दाखवलं नाही, कारण हातातला पुरावा समोरच्याला दाखवायचा नसतो हे मी बावीस वर्षांत शिकलोय. दुकानदारांच्या सह्या चलनावर बरोबर असायच्या. इतक्या बरोबर की मला त्यांचाही संशय आला. येऊन-जाऊन पाच म्हणजे एका बाजूनं अडीच. वज्रेश्वरीच्या अलीकडे अडीच किलोमीटरवर एक बंद पडलेली वीटभट्टी आहे आणि तिच्या शेजारी पत्र्याची शेड. भाऊजी तिथे माल उतरवतात आणि तिथूनच परत फिरतात, हे मी जागेवर बसल्या बसल्या ठरवूनसुद्धा टाकलं.

रजा काढून एका दुपारी मी त्या शेडच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. दीड तास उन्हात. शेवटी त्यांची गाडी आली. उंच, डोलत, आरामात. ती शेडपाशी थांबली नाही, वेगही कमी झाला नाही, सरळ वज्रेश्वरीकडे निघून गेली. दुसऱ्या कुणीही कपाळाला हात लावून घरची वाट धरली असती. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, आज यांना माझा सुगावा लागला. त्या संध्याकाळीही फेरी पंचावन्नचीच भरली, ते मी पाहिलं, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. दोन दिवसांनी मी इन्चार्जच्या केबिनमध्ये गेलो. काही आरोप केला नाही, तेवढा शहाणा मी आहे. फक्त म्हटलं, "साहेब, ती गाडी माझ्या नात्यातली आहे, म्हणून सांगतोय. या लाइनला दुसरी गाडी बघा." आपल्याच माणसाबद्दल कुणी असं सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नाही. आठवड्याच्या आत भाऊजींचं काम बंद झालं.

शेवटच्या फेरीनंतर ते गेटवर माझ्याजवळ आले. आमची नीट भेट झाली ती तीच शेवटची. चहा घेतला. कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी मला विचारलंही नाही. कप ठेवताना एवढंच म्हणाले, "तुना कायी तरास न्हाय ना झाला माझ्यापायी?" मला वाटलं, चाचपताहेत. मी म्हटलं, "नाही, मला काय त्रास." मग ते भाजीच्या फेऱ्या मारू लागले, कुणाचा पेंढा, कुणाच्या लग्नातली भांडी वाहू लागले. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. एका हळदीत दिसले, लांबून हात केला. मी मोबाइलमध्ये बघत असल्याचं दाखवलं.

दिवसकार्य आटोपल्यावर ताईनं मला एक काम सांगितलं. वज्रेश्वरीच्या एका दुकानदाराचा वजनकाटा भाऊजींनी दुरुस्तीला आणला होता, तो गाडीत तसाच पडून होता. काम बंद झालं तरी त्या दुकानदारांची अशी बारीकसारीक कामं ते करत राहिले होते, हे मला त्या दिवशी कळलं. ताई म्हणाली, गाडीही उभी राहून खराब होतेय, तूच घेऊन जा. मी सुट्टीच्या दिवशी गाडी काढली. निघताना आमच्या गेटवरून गेलो, आणि सवय म्हणून रीडिंग लिहिलं. काटा पोचवला. दुकानदारानं मला बसवून सरबत दिलं आणि भाऊजींची आठवण काढून रडला. त्याच वाटेनं परत आलो, गेटवर थांबलो, रीडिंग पाहिलं. पंचावन्न. मी कुठे वळलो नव्हतो, कुठे उतरलो नव्हतो, अलीकडून फिरलोही नव्हतो. गाडी मीच चालवत होतो. तरी पाच किलोमीटर कमी... मी दोन्ही रीडिंग पुन्हा पुन्हा वजा करून पाहिली. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते.

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "टायर बडा हुआ तो एक चक्कर में गाडी ज्यादा चलती है. मीटर को क्या मालूम, वो तो चक्कर गिनता है. कम ही दिखाएगा." मी म्हटलं, हे तेव्हा का नाही सांगितलंत? "चाचा को आप के सामने ही बताया था, भाई. आप तारीख पढ रहे थे."

त्याच संध्याकाळी ताईकडे गेलो, सगळं सांगायचं असं ठरवूनच. ओट्यावर बसलो. मी तोंड उघडण्याच्या आधी तीच बोलायला लागली. "काम सुटलं ना, तवा हे मना बोललेले... गोडावनात कोनतरी वाईट मानूस हाय, पाठीमागं चुगली करनारा. आपलं गेलं तं गेलं. पन तुझ्या भावाला सांग, जपून राव म्हनावं. तो साधा हाय, तेला कलनार न्हाय. मी सांगायची राहूनच गेली तुला." साधा... बावीस वर्षांत मला कुणी साधा म्हटलेलं नाही. मी ताईच्या हातचा चहा प्यालो आणि उठून घरी आलो.

त्याला आता तीन आठवडे झाले. तोंडानं सांगायला गेलो तर मी मधेच शब्द फिरवीन, साहेबांवर ढकलीन, मीटरवर ढकलीन. जगावर संशय घेता घेता स्वतःला तेवढं ओळखायला शिकलोय. लिहिलेलं फिरवता येत नाही, म्हणून हे लिहून पेपरला पाठवलं. रविवारची पुरवणी ताईला तिची सून वाचून दाखवते.

ताई, भाऊजींनी ज्याच्यापासून मला जपायला सांगितलं, तो माणूस मीच. हे वाचून होईल तेव्हा मी तुझ्या ओट्यावर येऊन बसलेला असेन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.