होडीच्या रंगाची मोटारसायकल

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करण्याची आम्हा निवृत्त पोलिसांना खोडच असते. पुढे मग छडा कसा लावला, याची फुशारकी. माझे तसे नाही. या प्रकरणात चार दिवस माझ्या डोक्याचा भुगा झाला होता, आणि शेवटी जे कळले त्याने मान खाली गेली. नावे कोणाचीच देत नाही. त्या माणसांनी कोणाचे काही बिघडवले नव्हते.

नव्वदीची सुरुवात होती. मी डोंबिवलीत उपनिरीक्षक होतो. त्या दिवसांत कल्याण-डोंबिवलीतून दुचाक्या अशा जात की, सकाळच्या हजेरीला आमचे वरिष्ठ निरीक्षक पहिला प्रश्न विचारत, "काल किती गेल्या?" किती सापडल्या, हे विचारायचे त्यांनी केव्हाच सोडून दिले होते.

कोपरला पंक्चर काढणारा एक जण आमचा खबऱ्या होता. श्रावण लागून आठवडा झाला होता. तो ठाण्यात आला आणि म्हणाला, "साहेब, खाडीच्या बाजूला एका कोळ्याचं घर आहे. तिथं गाडी बनते."

"बनते म्हणजे?"

"तुकड्या-तुकड्यात येते. गेल्या महिन्यात चाक आणलं, मग सायलेन्सर. दार लावून दिवसभर घासाघास चालू असते. चांगल्या कामाला दार कोण लावतं?"

मला त्याचे म्हणणे पटले. पटायला कारणही होते. मागच्या नवरात्रात ठाण्याला टेंभी नाक्याच्या गर्दीतून एक जुनी जपानी स्पोर्ट्स मोटारसायकल चोरीला गेली होती. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, परदेशातून आलेली. तसल्या गाड्या आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. तिचे वर्णन आमच्या फळ्यावर अजून लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार आणि दोन पंच घेऊन मी त्या घरी गेलो. पडवीत गाडी उभी होती, तीच, जपानी, दोन सिलिंडरची. पण तिचे रूप बघून मी दारातच थबकलो. किनाऱ्यावर ओढलेली होडी ठेवतात तशी ती लाकडी ओंडक्यांवर ठेवली होती, आणि रंगही होडीचाच होता. गडद निळा, कडेने पिवळा-तांबडा पट्टा. कारखान्यातून निघालेली मोटारसायकल इतकी गुळगुळीत मी पाहिली नव्हती. मात्र इंजिन अजून चालू झालेले नव्हते.

घरात दोघेच होते. तिशीचा मुलगा एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर होता. बाप जुना तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख; आता डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. मुलगा म्हणाला, गाडी थोरल्या भावाची. भाऊ परदेशी जहाजावर नोकरीला होता, तिकडून त्याने ती आणली. तीन वर्षांपूर्वी जहाजावरच्या अपघातात तो गेला, तेव्हापासून गाडी घराच्या मागे ताडपत्रीखाली सडत होती. ती आपण घरच्या घरी उभी करतोय. त्याने आर. सी. बुक पुढे केले. नाव भावाचेच होते. इंजिनाचा नंबरही जुळला.

मी वाकून हँडलखालच्या नळीवर चासी नंबर शोधायला लागलो. तिथे काही नव्हते. बोटाने चाचपले, बॅटरी मारून पाहिली. निळा रंग, बस्स.

"नंबर कुठे आहे?"

मुलाचा चेहरा पांढरा पडला. त्याने एकदा बापाकडे पाहिले आणि म्हणाला, "मी घालवला, साहेब."

झाले. चोरांची एक युक्ती आम्हाला पाठ होती. आपल्या मोडक्या गाडीचे कागद आणि इंजिन ठेवायचे, सांगाडा चोरीचा आणायचा आणि त्यावरचा नंबर खोडायचा. मी पंचनामा लिहायला घेतला. एकेक वस्तू माझ्या हाताने लिहिली. आरसे दोन, दिवा एक, टाकीचे झाकण चावीसह एक. संशयित माल म्हणून गाडी ठाण्यात न्यायचे ठरले. तेवढा वेळ म्हातारा टाकीवर हात ठेवून उभा होता. टेम्पो आला तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

"साहेब, पुनवेला चालू कराची हाय ती. मना एकदा तिचा आवाज ऐकाचा हाय. थोरला घरी याचा तं रेल्वे फाटकापासून कलाचा मना. पुनवेच्या आत सोरशील ना?"

नारळी पौर्णिमा सहा दिवसांवर होती. मी म्हणालो, "बघू." पोलिसाच्या तोंडी 'बघू'चा अर्थ काय असतो, हे सगळ्यांना माहीत असते. गुन्हा नोंदला की गाडी मुद्देमालात जाते, आणि मुद्देमालातली गाडी खटला संपेपर्यंत आवारात उभी राहते. आमच्या आवारातल्या स्कूटरींवर वेली चढल्या होत्या.

मुलाला मी लगेच अटक केली नाही, रोज चौकशीला बोलावू लागलो. आणि तिथून गोंधळ सुरू झाला.

"नंबर कशाने घालवलास?"

"कानशीने."

"गोल कानस की चपटी?"

"चपटी. नाही, गोल."

फिटरचा धंदा करणारा माणूस कानस विसरतो? शिवाय नळीवर कानशीचा एक ओरखडा नव्हता. "कशासाठी घालवलास?" यावर तो जमिनीकडे बघत राही. आर. सी. बुक खरे, भाऊ मेल्याचे कागद खरे, कारखान्यात विचारले तर साहेबापासून शिपायापर्यंत सगळे म्हणाले, सरळ मुलगा. आणि हा सरळ मुलगा न विचारता गुन्हा कबूल करतो, पण कसा केला ते त्याला सांगता येत नाही! आयुष्यभर मी नाकबूल करणाऱ्यांना कबूल करायला लावले. कबूल करणाऱ्याचे काय करायचे, ते मला कोणी शिकवले नव्हते.

माझा हवालदार साताऱ्याकडचा, तीस वर्षे नोकरी झालेला. तो म्हणाला, "साहेब, खोटं बोलतोय हे नक्की. पण चोराचं खोटं असं नसतं. चोर आपल्याला वाचवायला खोटं बोलतो. ह्यो कुणाला वाचवतोय?"

"घरात दुसरं आहे कोण? तो आंधळा म्हातारा?" मी हसण्यावारी नेले.

तिसऱ्या दिवशी टेंभी नाक्याच्या फिर्यादीला बोलावले. सुशिक्षित, नीटनेटके गृहस्थ. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, सीटवर बसले, डोळे मिटून हँडल धरले आणि म्हणाले, "हीच. शंकाच नको. आपली गाडी हाताला कळते हो." मी विचारले, काही खूण? म्हणाले, टाकीला डावीकडे पोचा होता, तो बुजवलेला दिसतोय. ते इतक्या खात्रीने बोलत होते की मी वरिष्ठांना जाऊन सांगितले, "उद्या गुन्हा दाखल करून मुलाला अटक करतो." पण खोलीबाहेर आलो तरी मन निवेना. सगळे जुळत होते आणि काहीच बसत नव्हते.

या सगळ्यात म्हातारा रोज मुलाबरोबर यायचा आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा. समोर आवारात गाडी. कोणी त्याला काही विचारले नाही. मीही नाही. एकदा फक्त म्हणालो, "बाबा, घरी जा, इथे बसून काय होणार?" तो म्हणाला, "घरी भितीकडं बघाचा, त्यापेक्षा हितं बरा हाय."

चौथ्या दिवशी सकाळी ठाण्यात आलो तर हवालदाराचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. पुढच्या आठवड्यात वार्षिक तपासणी होती. सरकारी सामानाची यादी घेऊन तो एकेका खुर्ची-टेबलाचा नंबर ताडून बघत होता. आमच्याकडे रंगाने लिहिलेले नंबर पुसले जात, म्हणून कोणा जुन्या साहेबांनी सुताराकडून ते लाकडात कोरून घेतले होते.

"साहेब, व्हरांड्यातल्या बाकाचा नंबर गायब! काल होता. बाकाला तडा होता, तोपण गायब!"

मी बाकाजवळ गेलो. त्या तड्यात कितीतरी जणांच्या पँटी फाटल्या होत्या. आता तिथे बोट फिरवले तर लाकूड लोण्यासारखे लागले. आणि मला तो स्पर्श ओळखीचा वाटला. चार दिवसांपूर्वी असेच बोट एका नळीवर फिरवले होते.

म्हातारा बाजूलाच उभा होता.

"बाबा, हे कोणी केलं?"

"मीच केला, साहेब. रोज फुकट बसाचा म्हनून बरा नाय वाटं. काल घरशी पुट्टी आनली. तरा व्हता तो भरला, बाजूला आनखी बारीक खड्डं लागलं, तीबी भरली. आमची होरीला तसाच. दिसाचा काय काम नाय. हात फिरवाचा, जिथं खोल लागल तिथं भराचा. भोक र्‍हायला तं पानी येतं."

मी मुलाकडे पाहिले. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

त्याला आत घेतले, पाणी दिले. मग तो घडाघडा बोलला. "भाऊ गेल्यापासून बाबाने होडी विकलेली, साहेब. तीन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेला. मी गाडी खोलली, तर एक दिवस स्वतःच उठून आला, खरवडायची पट्टी घेऊन. तेव्हापासून जेवायला लागला, बोलायला लागला. होडी करतात तसंच सगळं केलं त्याने. मी पाळीवरून आलो तोवर रंगसुद्धा झालेला. मग आठवलं, नंबर तिथंच होता. त्याला कसं सांगणार? सांगितलं असतं तर हात परत खाली ठेवला असता त्याने. आणि तुम्ही आलात तेव्हा वाटलं, नंबर खोडणारा म्हणून त्यालाच नेणार."

मी पंचांना आणि टेंभी नाक्याच्या गृहस्थांना बोलावले. आवारात सगळ्यांसमोर म्हाताऱ्याने स्वतःच्या पट्टीने तो निळा रंग खरवडला. खाली पांढरी पुट्टी निघाली, आणि पुट्टीखालून एकेक आकडा. हवालदार आर. सी. बुकातला आकडा मोठ्याने वाचायचा, मी नळीवरचा वाचायचो. शेवटचा आकडा जुळला तेव्हा टेंभी नाक्याचे गृहस्थ आपली छत्री घेऊन निघून गेले. त्यांची गाडी कधीच सापडली नाही. ते खोटे बोलले नव्हते, त्यांना ती हवी होती इतकेच.

म्हाताऱ्याच्या मात्र आत्ता ध्यानात आले. "म्हंजे... ह्यो समदा माझ्यामुलं?" मुलगा पुढे झाला. "काय नाय झालं बाबा. तू पुट्टी भरलीस म्हणून नंबर गंजला नाय, साहेबांना विचार." मी लगेच म्हणालो, "अगदी बरोबर." नोकरीत मी अनेकदा खोटे बोललो; त्यातले हे एक पुन्हा बोलायला तयार आहे.

इथे हकीकत संपायला हवी होती.

गाडी परत देताना मी पावती लिहिली, 'पंचनाम्याप्रमाणे सर्व माल मिळाला.' मुलगा सही करायला वाकला आणि म्हातारा, सवयीप्रमाणे, टाकीवरून हात फिरवू लागला. मध्येच त्याचा हात थांबला.

"हितं खोल हाय."

टाकीचे झाकण नव्हते. चार दिवसांत आमच्या आवारातून, पहाऱ्यावर शिपाई असताना, कोणीतरी ते काढून नेले होते. झाकण चावीसह एक, हे माझेच अक्षर होते. तोंड उघडावे, तर वर्षाच्या तपासणीआधी ठाण्यातच चोरीचा गुन्हा, पहाऱ्याचा शिपाई निलंबित, माझीही चौकशी. मी पावतीकडे बघत राहिलो. मुलाने सही केली. म्हाताऱ्याने लाकडाचा एक तुकडा मागितला, पट्टीने तासला, चिंधी गुंडाळली आणि होडीचे भोक बुजवावे तसे ते लाकडी बूच टाकीत ठोकून बसवले.

पौर्णिमेला माझा बंदोबस्त खाडीवरच होता. नारळ वाहून झाले होते. तेवढ्यात फाटकाच्या बाजूने तो आवाज आला, कर्कश, तडतडणारा. बांधावर उभा असलेला म्हातारा गर्रकन वळला आणि हात वर करून उभा राहिला. आवाज जवळ येईपर्यंत त्याने हात खाली घेतला नाही. माझ्या शेजारचा शिपाई म्हणाला, "केवढा आवाज करतात हे लोक!" मी त्याला गप्प बस म्हणालो.

निवृत्तीनंतर जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा दिसला की मी उकिडवा बसून झाकणे चाळायचो. अनेक वर्षांनी एक जुळणारे मिळाले. ते घेऊन कोपरला गेलो. म्हातारा तोवर गेला होता. मुलाचे केस पांढरे झाले होते. गाडी पडवीत होती, निळी, आणि टाकीवर तेच काळे पडलेले बूच. मुलाने झाकण कपाळाला लावून फळीवर ठेवले. "राहू दे तिथं. बूच बाबाच्या हातचं आहे."

मी विचारले, "त्या दिवशी सही का केलीस? झाकण नाही, हे तुला दिसलं होतं."

"दिसलं होतं, साहेब. तुम्हाला दिसलेलं तेपण दिसलं." त्याने चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "पण पुनव दोन दिवसांवर होती. बोललो असतो तर गाडी परत आत गेली असती."

लोक पोलिसापुढे गप्प का बसतात, हे मला तोवर कळले आहे असे वाटत होते. मी चहा घेतला. निघताना सहज त्या नळीवर बोट फिरवले. आकडे तिथेच होते, उघडे, आणि त्यांच्यावर गंज चढू नये म्हणून कोणीतरी तेलाचा हात दिलेला होता.