सायगावचं सूप

वाडग्यावर तोंड धरायचं, डोळे मिटायचे, वाफ छातीभर ओढायची, जरा थांबायचं आणि मान हलवून म्हणायचं, "ह्ये ते न्हवं, गड्या." एवढं झालं की अण्णा चमचा खाली ठेवत. उरलेलं सूप संपवायचं काम आमच्याकडं.

अण्णा आमच्या हळदीच्या गोदामात राखणीला होते. सांगलीच्या यार्डात, जिथं पांढरा शर्ट दुपारपर्यंत पिवळा होतो. मी तिथं नमुन्याच्या पिशव्या बांधून त्यांवर चिठ्ठ्या लावतो, रफीकभाई वजनकाट्यावर असतात. हंगामात पोत्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही आणि घरी गेल्यावर बोलायचंही त्राण उरत नाही. अशा जागी एखादा माणूस जेवायच्या वेळी दूरदेशीच्या गोष्टी सांगणारा मिळाला, तर त्याला धरून राहावंसं वाटतं. तुम्हीही धरला असेल असा कोणीतरी.

अण्णा विट्याजवळचे. तिकडच्या पुष्कळांसारखे मिसरूड फुटायच्या आधीच सोनं गाळायच्या कामाला लागले. केरळ झालं, मद्रास झालं. मग मालकाच्या भावानं सायगावला दुकान काढलं, तेव्हा आठ वर्षं तिकडं.

"सायगाव? म्हंजी साताऱ्याकडचं?" रफीकभाईंनी पहिल्या दिवशी विचारलं. "माझी चुलत बहीण दिलीया तिथं."

"व्हिएतनाममदलं, रफीकभाई."

"मग तिथं न्हाई दिली."

तिथल्या दुकानासमोर एक बाई उजाडताना चूल पेटवायची. कोंबडीचं सूप. त्यात तांदळाच्या पांढऱ्या शेवया, चक्रीफूल, दालचिनी, विस्तवावर काळं होईतो भाजलेलं आलं न् कांदा. वरून कसलासा हिरवा पाला आणि लिंबू. बोलता एकमेकांना येत नव्हतं, पण आठ वर्षांत तिनं यांना एक दिवस उपाशी कामावर जाऊ दिलं नाही. "सुपाचं नाव नुसतं एका अक्षराचं," अण्णा सांगत. "पण प्रश्न इचारल्यागत म्हणायचं. फ्अ?" आम्ही तिघं पोत्यांवर बसून एकमेकांना विचारत असू, फ्अ?

हल्ली आपल्याकडंही काय मिळत नाही? कॉलेजजवळच्या कॅफेत हे सूप सुरू झाल्याचं कळलं, तिथून आमचा वाद सुरू झाला. मी कॅफेच्या बाजूचा. रफीकभाई म्हणत, मिरजेच्या रस्त्यावरचा गाडा भारी. डबे उघडले की हाच विषय. रस्सा पातळ, शेवया जाड, चक्रीफूल जास्त. ज्यांनी व्हिएतनाम नकाशावरही पाहिलं नाही, ते आम्ही दोघं तावातावानं भांडायचो, आणि निकाल द्यायला अण्णा. ते दोन्हीकडं आले, दोन्हीकडं वाफ ओढली, दोन्हीकडं मान हलवली.

"तुमचं नाक लय अवघड हाय, अण्णा," रफीकभाई वैतागून म्हणाले.

अण्णांनी हसून उरलेलं सूप त्यांच्याकडं सरकवलं.

चैत्रातली एक दुपार. गोदामाच्या मागच्या खोलीत आमची चहाची शेगडी असे. मी दारातून आत पाय टाकला आणि गॅसच्या वासानं माझं डोकं गरगरलं. खोली कोंदलेली होती आणि अण्णा शेगडीपुढं उकिडवे बसून शांतपणे काडी ओढायच्या बेतात होते. मी ओरडलो, त्यांच्या हातावर झडप घातली. काडेपेटी उडाली. सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली, त्यांना ओढत बाहेर आणलं.

"एवढा वास येत होता, अण्णा! कळलं न्हाई?"

ते पायरीवर टेकले. मग म्हणाले, "सोनं गाळायच्या तेजाबाच्या धुरानं नाक खाल्लं, गड्या. सायगावात असतानाच. सात-आठ वर्सं झाली, कसलाच वास न्हाई. म्हणून तर परत आलो. कुणाला बोलू नका."

"मग ते सूप? ते न्हवं म्हणून कशावरनं सांगत होता?"

"वाटायचं, खरं असंल तर वास येईल."

एवढे दिवस मी ज्या वादात जिंकायला बघत होतो, त्यात या माणसाचं काय पणाला लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

त्यानंतर महिन्याभरानं आम्ही तिघं गाडीतून हळदीचे नमुने घेऊन साताऱ्याला गेलो. हायवेलगतच्या एका हॉटेलच्या पाटीवर रफीकभाईंना ते सूप दिसलं. थांबणं आलंच. वाडगे आले. रफीकभाई हात धुवायला गेले. अण्णांनी तोंड वाफेवर धरलं, डोळे मिटले, आणि हळूच म्हणाले, "तुमाला काय काय येतंय, सांगा."

मला असलं कधी सांगता आलेलं नाही. "आलं," मी म्हणालो.

"भाजल्यालं?"

"व्हय. करपल्यागत."

"आनी?"

"दालचिनी. मग लिंबाचं साल. मग… पावसानंतर तुळशीजवळ उभं राहिल्यागत काहीतरी."

"तोच पाला," अण्णा म्हणाले. त्यांनी चमचा उचलला आणि वाडगा तळापर्यंत संपवला. रफीकभाई आले तेव्हा निकाल लागला होता. "हितलंच चांगलं."

पाटी मीच बघितली म्हणत रफीकभाई आठवडाभर तो विजय मिरवत होते.

दिवाळीनंतर अण्णांचा खोकला वाढला आणि ते गावी गेले ते गेलेच. मी बाराव्याला पोहोचलो. अंगणात त्यांची बायको बसली होती. मी कोण ते सांगितलं. म्हणाल्या, "ते लय नाव काढायचे तुमचं."

थोड्या वेळानं त्या आपणहून बोलू लागल्या. "रोज ताटावर बसलं की म्हणायचे, वास लय भारी सुटलाय. एकदा आमटी पार करपली हुती. ती पुढ्यात असताना बी तेच म्हणाले. तवा कळलं मला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणायचं? म्हटलं, वाढू का अजून."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. आत त्यांची लेक फोडणी देत होती. जेवून जायचा त्यांनी आग्रह केला. मी बसलो.