काजळवनाचा शेवटचा खंड

त्या गल्लीत तिला नावानं कोणी हाक मारत नसे. रुग्णालयात उभी हयात काढल्यामुळे निवृत्त झाल्यावरही ती सगळ्यांची सिस्टरच राहिली. कुणाचं बोट कापलं, कुणाच्या लेकराला ताप भरला, की लोक आधी तिचं दार वाजवायचे. ती पट्टी बांधून द्यायची आणि वर दोन शब्द सुनवायची. बोलणं एक घाव दोन तुकडे. रोग्याशी खोटं बोलू नये, हा तिचा आयुष्यभराचा नेम. "खोटी आशा लावणं म्हणजे जखमेवर नुसती फुंकर मारणं," असं ती म्हणे. "जखम चिघळायची ती चिघळतेच."

लग्न तिनं केलं नाही. राहायची धाकट्या भावाकडे, त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. भाऊ तिच्या अगदी उलट, शब्द तोंडातून काढताना सुद्धा चिमट्यानं धरून काढल्यासारखा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली मान घालून बसायचा. त्याची बायको एका साध्याशा शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी अडकून गेली, तीही सिस्टरच्याच रुग्णालयात. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तो बसला होता तेव्हा सिस्टरनंच त्याला सांगितलं होतं, "उमेद ठेवू नकोस." त्यानं मान हलवली होती. त्या गोष्टीवर बहीणभावांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

बायको गेल्यानंतर तो वाचायला लागला. आधी वाचनालयातून हाताला येईल ते आणायचा. शेवटी त्याचं बस्तान बसलं ते अद्भुत कादंबऱ्यांत. उडणारे घोडे, बोलणारे कावळे, नकाशात नसलेली राज्यं. त्यातही 'काजळवन' नावाची एक जाडजूड मालिका त्याच्या जिवाचा ठेवा होऊन बसली. एका नावाड्याची बायको त्या वनात जाते. तिथे गेलेली माणसं मरत नाहीत, फक्त परतीची वाट विसरतात. नावाडी तिला शोधत हिंडतो. चार खंड झाले तरी हिंडतच होता, आणि पाचवा अजून यायचा होता.

सिस्टरला असल्या पुस्तकांचा तिटकारा. तिला चरित्रं लागायची, खटल्यांच्या हकिकती लागायच्या, ज्यात तारीख आहे, साक्षीदार आहे, असं काही. "घोडा उडतो तर चारा कुठे खातो?" असं ती भावाला विचारायची आणि तो हसून पान उलटायचा.

वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी वाचकांची बैठक भरे. वर्तमानपत्रांच्या खोलीतली टेबलं जोडून पाचसात माणसं बसत आणि वाचलेल्या पुस्तकांवरून एकमेकांची डोकी खात. बेकरीवाला होता, कोर्टातला निवृत्त कारकून होता, दातांची डॉक्टर होती आणि ग्रंथपाल बाई होत्या. गिर्यारोहकाच्या आत्मकथेवर त्यांचं कधी एकमत झालं नाही, आणि पाककृतींच्या पुस्तकावरूनही भांडण झाल्यावाचून राहिलं नाही. बहीणभाऊ दोघं जायची. ती बोलायची, तो ऐकायचा.

एका शनिवारी ग्रंथपाल बाईंनी मुद्दाम त्याच्याकडे वळून म्हटलं, "आज तुमचं काजळवन घेऊ या. चारही खंड बऱ्याच जणांचे वाचून झालेत."

भावाचा चेहरा उजळला. पिशवीतून त्यानं पहिला खंड काढून टेबलावर ठेवला. कडेनं त्यानं स्वतः कापडी पट्टी चिकटवली होती.

बेकरीवाल्यानं तोंड उघडलं. "मी दुसऱ्या खंडात सोडलं बुवा. दोनशे पानं झाली तरी नुसते चालतायत! आमच्याकडे एवढ्या वेळात पाव भाजून, विकून, पैसे मोजून झाले असते."

"मला तर फार आवडलं," दातांची डॉक्टर म्हणाली. "दिवसभर लोकांची तोंडं बघितल्यावर मला तरी बोलणारा कावळाच बरा वाटतो."

कारकुनाला भाषा आवडली होती, पण गोष्ट पोरकट वाटली होती. "कायदा असा कुठे दिसतच नाही त्या राज्यात," असं त्यानं कुरकुरून सांगितलं. सगळे हसले. भाऊ पण हसला. मग धीर करून म्हणाला, "तसं नाही. त्यात एक... म्हणजे माणूस गेलं तरी कुठेतरी असतं, फक्त त्याला वाट सापडत नाही, हे जे आहे ना, ते मला..."

तो थांबला. शब्द सापडेनात. आणि नेमकी त्या थांबण्यात सिस्टर बोलली.

"गेलेलं माणूस वनात जात नाही रे. शवागारात जातं. मी स्वतः नेऊन ठेवलीत माणसं. ज्यांना जगाकडे सरळ बघवत नाही, त्यांच्यासाठी असली पुस्तकं."

दातांच्या डॉक्टरनं चष्मा काढून पुसायला घेतला. भावानं पुस्तक उचललं, पिशवीत ठेवलं, पिशवीचा बंद नीट बांधला. बैठक संपेपर्यंत तो बसून राहिला, उठून गेला नाही. घरी येताना जिन्यात त्यानं नेहमीसारखा तिच्यासाठी दिवा लावून धरला.

आपण काय बोललो ते सिस्टरला त्या जिन्यातच कळलं होतं. भावजयीला ट्रॉलीवरून खाली शवागारात नेताना तीच बरोबर होती. पण माफी मागायची तिला सवय नव्हती. उद्या बोलू, परवा बोलू करता करता ते बोलणं शिळं झालं, आणि पुढे काढायची लाज वाटू लागली.

भाऊ रुसला नाही. तेच तिला जड गेलं. जेवायला बसायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. फक्त शनिवारचं जाणं त्यानं बंद केलं, "कामं तुंबलीत" एवढं सांगून. आणि वरच्या खोलीत त्याच्या हातात पुन्हा पुस्तक दिसलं नाही. तो दुकानात, शटर अर्धं ओढून घेऊन वाचतो, हे तिला ठाऊक होतं. ती मुद्दाम खाली जात नसे. त्याचं सुख त्याला असू दे, असं स्वतःला समजावायची. खरं तर त्याच्या हातातलं ते पुस्तक बघायला तिला तोंड नव्हतं.

अशी दोनेक वर्षं गेली. मध्यंतरी भाऊ धांदरट झाला होता. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. शेजारी ठेवलेला चहाचा कप कोपरानं लवंडायचा. "लक्ष कुठे असतं तुझं?" ती खेकसायची. तो फरशी पुसून घ्यायचा.

शेवटी दातांची डॉक्टर एकदा भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन दुकानात गेली, ती तिथून सरळ जिना चढून वर आली.

"सिस्टर, तुमच्या भावाचे डोळे कधी तपासलेत?"

"त्याला काय धाड भरलीय? केसाएवढा स्क्रू बसवतो तो."

"समोरचं दिसत असेल. पण मी बघितलं, ओळीखाली पट्टी धरून वाचत होते. ओळ संपली की पुढची ओळ कुठे सुरू होते ते बोटानं चाचपून शोधत होते. मी बाजूला उभी होते, तर मी आलेय हेच त्यांना कळलं नाही."

सिस्टरच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. पुढचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

काचबिंदू होता, आणि हाताबाहेर गेलेला. डोळ्यांच्या डॉक्टरनं कागदावर दोन वर्तुळं काढून दाखवली, कडेनं काळी केलेली. मध्ये नाण्याएवढी जागा पांढरी ठेवली होती. "बाजूची नजर हळूहळू जाते, त्यामुळे रोग्याला स्वतःला कळत नाही," तो म्हणाला. "पण घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? वाचताना तरी दिसलं असतं."

भावानं चटकन उत्तर दिलं, "मी एकटाच वाचत बसतो."

आपण नर्स होतो, हे सिस्टरनं त्या खोलीत सांगितलं नाही. साऱ्या गल्लीची दुखणी डोळ्यांत तेल घालून बघितली, आणि आपल्याच दिव्याखाली अंधार. तो वर, तिच्या समोर बसून वाचत राहिला असता, तर त्या पट्टीकडे तिचं लक्ष पहिल्याच आठवड्यात गेलं असतं. तो खाली का गेला, ते दोघांनाही माहीत होतं. घरी येताना रिक्षात दोघं दोन बाजूंना तोंड करून बसली.

थेंब चालू झाले, शस्त्रक्रिया झाली, पण गेलेलं परत येणार नव्हतं आणि उरलेलंही टिकलं नाही. वर्ष सरायच्या आत दुकान एका मोबाईलवाल्यानं घेतलं. भाऊ वरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागला. खालून येणाऱ्या आवाजांवरून कोण चाललंय ते ओळखायचा आणि चुकायचा.

तशात काजळवनाचा पाचवा, शेवटचा खंड आला. सिस्टरनं वाचनालयात आपलं नाव सर्वांत आधी लावून त्याची पहिली प्रत घरी आणली आणि दुपारी त्याच्यासमोर बसली.

"काय आणलंयस?" त्यानं विचारलं.

"तुझा नावाडी."

त्यानं चेहरा खिडकीकडे वळवला. मग म्हणाला, "तुला त्रास कशाला? पेपर वाच."

"पेपरात काय ठेवलंय? ऐक."

ती वाचायची ते औषधाची चिठ्ठी वाचल्यासारखं. स्वल्पविरामाला थांबायची नाही आणि कावळ्याचं बोलणं, राजाचं बोलणं सगळं एका पट्टीत. मधेच तिला राहवायचं नाही. "आता ह्याची जखम शिवली कुणी? नुसता पाला बांधला? धनुर्वात व्हायचा मेल्याला!" त्यावर भाऊ हसला. किती तरी महिन्यांनी हसला. मग रोज दुपारी ती वाचन आणि भांडण दोन्ही करू लागली. एकदा वाचता वाचता तिनं पुस्तक मांडीवर पालथं घातलं.

"त्या शनिवारी मी जे बोलले ना, ते—"

"पुढचं वाच, ताई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण दार लोटून घ्यावं तसा तो आवाज होता. तिनं पुस्तक उचललं.

दरम्यान शनिवारच्या बैठकीत शेवटच्या खंडावरून रणकंदन माजलं होतं. "पाच खंड वाचायला लावून शेवटी हे? फसवणूक आहे!" बेकरीवाला कडाडला होता, दुसऱ्या खंडात वाचन सोडलं असलं तरी शेवट तेवढा तो वाचून आला होता. कारकुनाला मात्र पहिल्यांदाच मालिका प्रौढ झाल्यासारखी वाटली होती. दातांची डॉक्टर पुस्तक वाचून दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. हे सगळं कानावर आल्यावर सिस्टरनं भाऊ झोपलेला असताना शेवटची पानं चाळली.

नावाड्याला बायको सापडत नाही. काजळवन असं काही नसतंच. ती पहिल्याच दिवशी नदीत बुडालेली असते, आणि गावातल्या लोकांनी त्याला बरं वाटावं म्हणून वनाची गोष्ट रचलेली असते.

लेखकानं शेवटी तिचंच म्हणणं मांडलं होतं, जवळजवळ तिच्याच शब्दांत. जिंकल्याचा आनंद मात्र तिला कुठे सापडला नाही. पुस्तक हातात घेऊन ती ओट्याशी उभी राहिली, गॅसवरचं दूध उतू गेलं तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ खुर्चीत सावरून बसला. "संपत आलं ना? ती येते का गं परत?"

"ऐक की."

आणि सिस्टरनं जन्मात पहिल्यांदा एका रोग्याशी खोटं बोलायला घेतलं. पानाकडे बघत बघत ती मनचं वाचू लागली. नावाडी वनात शिरला. झाडाखाली त्याची बायको बसली होती. त्याला पाहताच ती त्वरित उठून उभी राहिली. तिची प्रकृती समाधानकारक होती. दोघं नावेत बसून—

"ताई."

ती थांबली.

"हे तू लिहिलंयस."

तिनं बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"समाधानकारक प्रकृती," तो हळूच म्हणाला, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं, पण ते टिकलं नाही. "खरं काय आहे ते वाच."

"नको रे."

"तू कधी माझ्याशी खोटं बोलली नाहीस. तेव्हा, त्या बाकावरही नाही. आता नको सुरू करूस."

मग तिनं वाचलं. ह्या वेळी स्वल्पविरामाला थांबत, सावकाश. नदीपर्यंत आल्यावर घोटभर पाणी पिऊन तिनं पुढचं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याचा पीं पीं आवाज बराच वेळ येत राहिला.

"कसं वाटलं?" शेवटी तिनंच विचारलं.

"वाईट लिहिलंय," तो म्हणाला. "चार खंड लेखकाला माहीत होतं, आणि त्यानं आम्हाला चालत ठेवलं." मग बऱ्याच वेळानं, "पण ते लोक. ज्यांनी गोष्ट रचली. ते वाईट नव्हते."

"नव्हते," सिस्टर म्हणाली.

त्यानंतर दातांच्या डॉक्टरनं दुसऱ्या एका लेखकाची नवी मालिका पाठवून दिली, तिच्या मते काजळवनापेक्षा सरस. सिस्टरनं पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. भावानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "राहू दे, ताई. ह्यातही कोणीतरी कोणाला तरी शोधायला निघालंय." तिनं एका न्यायाधीशाचं चरित्र आणलं. तो ऐकता ऐकता झोपी गेला, किंवा झोपल्याचं सोंग घेतलं असेल. मिटल्या डोळ्यांवरून आता तिला फरक कळत नसे.

शनिवारी ती एकटी बैठकीला जाते. तिथे अजून भांडणं होतात, बेकरीवाला अजून न वाचलेल्या पुस्तकांवर ठाम मत देतो. कुणी अद्भुत कादंबरी काढली की सगळे सवयीनं तिच्याकडे बघतात. "मला त्यातलं कळत नाही," एवढंच ती म्हणते. आणि बैठक संपायच्या आधीच उठते, कारण भाऊ घरी एकटा असतो, आणि दिवा लावायचा की नाही हे आता त्याला कळत नाही.