उलटी फीत

दुष्काळात आमच्या दूध संस्थेनं चौसाळ्याजवळ चारा छावणी उघडली, तेव्हा मी तिथं वैरण वाटायला होतो. दोन गाई घेऊन आलेला एक माणूस दिवसभर टेपरेकॉर्डरला कान लावून बसायचा. एका पॉप गाण्याची कॅसेट खोलून त्यानं आतली फीत उलटी गुंडाळली होती. "पुढं काय होणार हाय, ते गाणेवाले उलटं भरून ठेवतेत," तो सांगायचा. लोक हसायचे. तो रागवायचा नाही, नुसता आवाज कमी करायचा.

एकदा मी विचारलं, "मामा, हेच गाणं काहून?"

"पोरीचं हाय. ऊसतोडीला निघाली त्या सकाळी हेच लावलं हुतं तिनं. वाटंत ट्रॅक्टर उलथला, तिथंच गेली. गाण्यात इशारा असंल. मलाच समजला न्हाई." त्यानं टेप माझ्या कानाशी धरला. "तुमाला काय ऐकू येतंय?"

नुसती घरघर होती. "काहीच नाही, मामा," मी म्हणालो.

"तुमाला बी न्हाई?" त्यानं टेप बंद केला. "मंग त्या दिवशी मला तरी कसं आलं असतं," म्हणत त्यानं टोपीनं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्यानं फीत सुलटी गुंडाळली. पोरीचं गाणं छावणीत पहिल्यांदाच नीट वाजलं. शेवटपर्यंत ऐकणं मात्र त्याला जमलं नाही. तो उठून गाईंकडं गेला.